लाईट न जाणारं घर

"काका, तुमच्या रुपाला चालता येत न्हाई का वो?" असं शेजारच्या सुमनबाईच्या प्रियंकाने विचारलं, तेव्हा भावसिंग राठोड मोटारसायकलवरून उतरत होता आणि त्याचा एक पाय अजून सीटच्या वरच होता. तो पाय थोडा वेळ तसाच वर राहिला. संध्याकाळचे सव्वासहा झाले होते. सहाला लोडशेडिंग सुरू होई आणि हिंगोलीच्या ह्या भागाला लाईट देणारा फीडर भावसिंग आज स्वतःच्या हाताने बंद करून आला होता, कारण तो लाईटच्या ऑफिसात वायरमन होता. लाईट गेली की मोठी माणसं ऑफिसाच्या नावाने बोटं मोडतात आणि पोरं मात्र "गेऽऽली" म्हणून ओरडत घराघरातून बाहेर सांडतात, हे त्याला रोजचं होतं. आत्ताही गल्लीत सोळा-सतरा पोरं होती. विटेच्या तुकड्याने त्यांनी रस्त्यावर लंगडीचं रिंगण आखलं होतं, आणि दोन्ही बाजू सारख्या करायला त्यांना एक गडी कमी पडत होता, एवढंच. प्रियंका आठ वर्षांची, दोन वेण्यांची, तोंडाने फटकळ. "येतं की," भावसिंग म्हणाला. "काहून येणार न्हाई?" "मंग ती खिडकीत बसूनच काहून राहती? आमी तिला कधी चालताना बघितलंच न्हाई. आई म्हणती, विचारू न्हाई, त्येंला वाईट वाटतंय." एवढं बोलून ती लंगडी घालत रिंगणात गेलीसुद्धा. भावसिंगाने पाय खाली घेतला आणि गाडी स्टँडवर लावली. ती नीट लागली नाही म्हणून परत लावली.

वाईट वाटतंय. म्हणजे सुमनबाईला काहीतरी माहीत होतं, आणि एकट्या सुमनबाईला थोडंच असणार? दोन वर्षं तो ह्या गल्लीत मान ताठ ठेवून राहिला होता. संक्रांतीला सुमनबाई तिळगूळ घेऊन आली ती रुपाच्या डोक्यावरून कितीतरी वेळ हात फिरवत बसली होती, आणि जाताना म्हणाली होती, एकदा औंढ्याला नागनाथाला नेऊन आणा लेकराला. वायरमनच्या घराशी कुणीही गोडीत राहतं, असं समजून भावसिंग त्या दिवशी मनातल्या मनात फुगला होता. तिचा नवरा सोनाजी, मोंढ्याच्या बाजारात हमालांचा मुकादम, भल्याभल्यांना शिव्या घालणारा माणूस, पण भेटला की आवाज खाली आणून विचारायचा, "पोरगी बरी हाय ना?" विचारणारच की, पोरगीच तशी देखणी, असं भावसिंगाला वाटायचं. आता त्या सगळ्या गोष्टी एकेक करून त्याच्यासमोर उलटू लागल्या. आणि चूक तरी कुणाची म्हणायची? रोज सकाळी तोच रुपाला उंबऱ्यातून उचलून गाडीच्या टाकीवर बसवायचा, शाळेच्या फाटकाशी उचलून उतरवायचा आणि दुपारी तसंच परत आणायचा. तिचे काळे बूट चिखलाने भरू नयेत म्हणून. त्याला स्वतःला पायात बूट मिळाले ते वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तेही ऑफिसाचे रबरी. त्यामुळे रुपाचे बूट संध्याकाळीसुद्धा सकाळइतकेच काळे असले की त्याचा ऊर भरून यायचा. त्या बुटांचे तळवे अजून कोरे होते, हे त्याला आता आठवलं.

घरात लाईट होती. गल्लीतल्या बावीस घरांत अंधार भरत चालला होता आणि भावसिंगाच्या घरात ट्यूब, पंखा, टीव्ही, सगळं चालू. रुपा तिच्या जागी बसली होती. तिची जागा म्हणजे खिडकीखालची भिंत. तिथे डोकं टेकून टेकून चुन्यावर तेलाचा एक गोल डाग पडला होता आणि मधला चुना निघून गिलावा दिसत होता. त्याची बायको पद्मा तिच्या शेजारी ताट घेऊन बसली होती, घास करायची आणि तोंडाशी न्यायची. रुपा तोंड उघडायची, पण ताटाकडे बघायची नाही. घासात भाजी आहे की भात, हे तिला ठाऊक नसावं. "सहा पोळ्यांचा चुरा खाऊ घातला तरी कळत न्हाई तिला," पद्मा कौतुकाने म्हणायची. "टीव्ही लावला की लेकरू सोन्यासारखं. रडणं न्हाई, हट्ट न्हाई, कुठं धडपडणं न्हाई." बाईंनी शाळेतही तेच सांगितलं होतं: तुमची रुपा वर्गात सगळ्यात शांत. ते वाक्य भावसिंगाने ऑफिसात चार जणांना ऐकवलं होतं. आता तो टीव्हीच्या आणि तिच्या मधे जाऊन उभा राहिला. रुपाने मान डावीकडे कलती केली. तो डावीकडे सरकला, तिने मान उजवीकडे कलती केली. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिला तो दिसत होता, पण एखादा खांब दिसावा तेवढाच. "रुपा, उभी राहा बरं जरा." ती उभी राहिली. "चल बरं दारापर्यंत." ती दारापर्यंत गेली, तोंड टीव्हीकडे ठेवून, आडवी आडवी, आणि परत येऊन डागाला डोकं लावून बसली. "असं काहून करून राहिले तुमी?" पद्माने विचारलं. "काही न्हाई," तो म्हणाला. येतं की चालता, असं त्याने स्वतःला सांगितलं.

चालण्याचं म्हणाल तर भावसिंगाच्या घराण्याइतकं कोण चाललं असेल! लमाणांची जात. त्याच्या आज्याचा आजा दोनशे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून कुठून कुठे जायचा, हे भावसिंगाची आई, त्याची याडी नानीबाई, मुक्काम मोजून सांगायची, आणि सांगताना बसल्या जागी तिचे पाय हलायचे. पुढे रेल्वे आली, रस्ते आले, बैल गेले, डोंगरकडा गावाच्या अलीकडच्या माळावर तांडा बसला तो बसलाच. पण चालणं सुटलं नाही. भावसिंग स्वतः शाळेला दोन कोस चालून जायचा आणि दोन कोस परत. आणि परत येताना अंधार. त्या अंधाराचा त्याला राग होता. त्याच्या थोरल्या बहिणीचा पाय त्या अंधारात सापावर पडला होता आणि सकाळ झाली तेव्हा ती नव्हती. म्हणून तांड्यावर खांब आले, एक्क्याण्णव साली, तेव्हा चौदा वर्षांचा भावसिंग कुणी न बोलावता दोराला जाऊन लागला. खड्डे खोदणारी माणसं होती, दोर ओढणारी माणसं होती, त्याचा बाप बाबूसिंग होता; पण सातवा खांब उभा राहताना सगळ्यात पुढचा हात आपला होता, हे तो आजही कुणालाही सांगतो. पहिला दिवा लागला तेव्हा नानीबाईने त्याला नमस्कार केला आणि मग हात लावून बघितला, तो पोळला. सगळा तांडा हसला. बाबूसिंग मात्र पोराकडे बघत होता. "हे काम शिक," तो म्हणाला. भावसिंग ते शिकला. तांड्यातला पहिला सरकारी पगाराचा माणूस झाला, कमरेला पट्टा आणि खिशात पक्कड घेऊन खांबावर चढू लागला, आणि वरून गावंच्या गावं उजळताना बघून त्याला दर वेळी वाटायचं की हे आपणच केलं. रुपा झाली त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याने ठरवलं होतं: हिच्या वाट्याला अंधार येणार नाही. एक मिनिटसुद्धा नाही.

ठरवलेलं त्याने करून दाखवलं. लोडशेडिंग सुरू झालं, दिवसाचे आधी सहा तास, मग आठ, मग दहा. लोक कंदिलावर आले, सेठलोकांनी बॅटऱ्या घेतल्या. भावसिंगाने वर पाहिलं. गल्लीच्या तोंडाशी जो खांब होता त्याच्यावरून दोन लाईनी जात होत्या, एक गल्लीची आणि एक पाण्याच्या टाकीची, आणि टाकीची लाईन कधी बंद होत नसे. एका रविवारी भरदुपारी, सगळ्यांसमोर, पट्टा लावून तो वर चढला आणि आपल्या घराची वायर गल्लीच्या तारेवरून काढून टाकीच्या तारेला जोडली. आकडा नाही टाकला. आकडा चोर टाकतात. त्याने रीतसर जोड मारला, टेप गुंडाळला, आणि वीज मीटरमधूनच आत नेली. "मीटर फिरतंय ना माझं?" असं तो कुणी न विचारताच म्हणाला. पहिले आठ दिवस गल्ली कुरकुरली असेल, पण ऑफिसात एक अर्ज गेला नाही, कुणी टोमणा मारला नाही. आपला दराराच आहे तेवढा, असं भावसिंगाने धरून चाललं. आणि तेव्हापासून रुपाचा टीव्ही बंद झाला नाही. सकाळी शाळेला जाईपर्यंत चालू, दुपारी आली की चालू, झोप लागेपर्यंत चालू. बाकीच्या पोरांचा टीव्ही दिवसातून दहा तास बंद असायचा आणि ते दहा तास ती बाहेर असायची, कुणाचे गुडघे फुटायचे, कुणाच्या चपला हरवायच्या, कुणाची भांडणं व्हायची. खिडकीतून त्यांचा गलका आत यायचा तेव्हा पद्मा टीव्हीचा आवाज वाढवायची. एवढा साधा हिशोब वायरमनला दोन वर्षं कळला नाही, आणि कळला तोही लंगडी खेळणाऱ्या पोरीकडून, ह्याचा त्याला मनस्वी राग आला. कुणाचा, ते त्याला धड सांगता आलं नसतं.

पण माणसाचा अभिमान इतक्या सहजासहजी जागा सोडत नाही. रविवारी त्याने रुपाला बूट घातले आणि तिला घेऊन डोंगरकड्याच्या एसटीत बसला. गाडी घेतली नाही. फाट्यावर उतरून तांडा एक कोस, सपाट वाट, आणि आपली पोरगी ती कशी झपाझप चालते हे त्याला बघायचं होतं. खरं म्हणजे तांड्याने बघावं असं त्याला वाटत होतं. फाट्यावर उतरल्याबरोबर रुपाने डोळ्यांवर दोन्ही हात घेतले. उन्हाने तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "पप्पा, लाईट कमी करा," ती म्हणाली. तो हसला, मग त्याचं हसणं थांबलं, कारण ती गंमत करत नव्हती. पहिल्या पुलापर्यंत ती चालली. दोन शेतांइतकं अंतर. ढेकूळ आलं की ती थांबायची, पाय उचलून त्याच्यावरून न्यायचा की बाजूने, हे तिला ठरवता यायचं नाही, आणि मग ती त्याच्याकडे बघायची. पुलाच्या कठड्यावर ती बसली ती उठली नाही. "पाय दुखून राहिले," ती म्हणाली. तिच्या पोटऱ्या थरथरत होत्या. त्याने हात लावून पाहिलं, खरंच थरथरत होत्या. तिथून त्याने तिला खांद्यावर घेतलं. वाटेत सरपण घेऊन येणाऱ्या दोन बाया भेटल्या, त्यांनी विचारलं, "पोरगी बिमार हाय का?" आणि तो चक्क "व्हय" म्हणाला. त्या एका शब्दाची लाज त्याला तांडा येईपर्यंत पुरली.

नानीबाईने नातीला मांडीवर घेतलं, बूट काढले, आणि पाय हातात धरले. पोरीच्या टाचा तान्ह्या बाळासारख्या होत्या. नानीबाईच्या हाताला भेगा होत्या आणि त्या भेगांना रुपाचा तळवा अडकत नव्हता, नुसता घसरत होता. रुपा मात्र घरभर बघत होती. "टीव्ही कुठंय?" तिने विचारलं. शेजारची सोजराबाई टीव्ही नसलेल्या घराकडे बघून ओशाळी हसली. तेव्हा नानीबाईने मान वर केली आणि ठसक्यात तिला सांगितलं, "माझ्या भावसिंगाच्या घरची लाईट कधीच जात न्हाई. सगळ्या हिंगोलीत जाती, त्याच्या घरची न्हाई." हे वाक्य ऐकायला भावसिंगाने काय नसतं केलं! चौदाव्या वर्षी दोराला लागला तो ह्याच वाक्यासाठी. आणि आता याडी ते बोलत होती, सगळ्या तांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात, आणि बोलता बोलता तिची बोटं रुपाच्या पोटऱ्या दाबत होती, एखादं लेकरू तापातून उठल्यावर दाबतात तशी. भावसिंग उठून बाहेर गेला. बाहेर तो सातवा खांब होता. त्याच्या बुडाशी पाच-सहा पोरं चिखलाचे बैल करत बसली होती, कारण तांड्यातही लाईट गेलेली होती. त्याने त्यांच्याकडे बघितलं आणि त्याला रडू आलं. खांबाला टेकून तो रडला, आणि पोरांनी बघितलं तर बघितलं.

सोमवारी तो सहाच्या आधीच घरी आला. फीडर बंद करायला दुसऱ्याला सांगून आला होता. पट्टा, रबरी हातमोजे, पक्कड, सगळं घेऊन तो खांबाखाली उभा राहिला आणि वाट बघू लागला. सहाला लाईट गेली. "गेऽऽली" असं गल्ली ओरडली, पोरं बाहेर आली, आणि भावसिंग खांबावर चढला. पूर्वी तो असा सगळ्यांच्या देखत चढला होता तेव्हा त्याच्या अंगात एक डौल होता. आज पायऱ्यांवर त्याचे पाय जड पडत होते. सोनाजी मोंढ्यातून परत येत होता, तो खाली थांबला. "काय झालं, राठोड? फॉल्ट हाय का?" "न्हाई. माझी वायर गल्लीच्या तारंवर घेऊन राहिलो." सोनाजीला आधी समजलं नाही. मग समजलं, तसा तो खांबाच्या अगदी जवळ आला आणि हमालांना शिव्या घालणाऱ्या त्या आवाजाला जमेल तेवढा हळू करत म्हणाला, "अवो, नका काढू. आमी कुणी काही म्हणलं का तुमाला? आमच्या प्रियंकाचं ऐकून करून राहिले का? पोरगी तशी हाय म्हणून तर गल्लीतल्या कुणी अर्ज केला न्हाई. बसून राहणाऱ्या लेकराला तेवढाच इरंगुळा. असू द्या." भावसिंगाचा हात तारेपाशी थांबला. दोन वर्षांचा दरारा. खाली बघायची त्याला हिंमत झाली नाही. म्हणजे गल्लीने त्याला घाबरून नव्हे, त्याची कीव करून गप्प बसणं पसंत केलं होतं. अंधारात बसून, स्वतःच्या पोरांचा अभ्यास कंदिलावर घेऊन, त्याच्या लंगड्या पोरीसाठी. इतकी चांगली माणसं, आणि इतका अपमान! त्याने टेप सोडवला, पक्कड लावली, आणि जोड काढला. घरात दिवा विझला. टीव्हीचा आवाज एका शब्दाच्या मध्यावर तुटला.

मग ओरडणं आलं. तसं ओरडणं त्या घरातून कधी बाहेर आलं नव्हतं. पद्मासुद्धा घाबरून "काय झालं, काय झालं" करत राहिली. घरात काहीतरी पडलं, भांडं असावं, आणि दारातून रुपा बाहेर आली. अनवाणी. तिने उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, वर बघितलं, आणि खांबावर बाप दिसला. आपली लाईट कुणी बंद केली हे वायरमनच्या पोरीला कुणी सांगावं लागलं नाही. ती धावली. धावणं म्हणजे काय, दोन्ही हात पुढे, पाय कुठेही, तोंड उघडं, पण धावली. लंगडीच्या रिंगणातून सरळ धावली, पोरं बाजूला झाली, मधेच आपटली, गुडघा फुटला, आणि कुणी उचलायच्या आत उठून परत धावली. "लाईट लावा! पप्पा, लाईट लावा! मारीन मी तुमाला!" खांबाखाली येऊन तिने खांबाला लाथा मारल्या. सोनाजी दोन पावलं मागे सरला. सुमनबाईने तोंडाला पदर लावला होता. वरून भावसिंगाला ते सगळं दिसत होतं, सतरा पोरं आणि एक अठरावी, आणि खांबाला लाथा मारणारे ते मऊ पाय. त्याने वायर घाईघाईने गल्लीच्या तारेला जोडली, आणि पट्ट्याची कडी त्याला तिसऱ्या खेपेला निघाली. तो उतरला, हातमोजे काढले, आणि तिला धरायला हात पुढे केला तर तिने तो हातच दातांत धरला. करकचून. कळ खांद्यापर्यंत गेली. त्याने हात काढून घेतला नाही. तिला दम लागला तेव्हा तिनेच सोडला, आणि भावसिंगाने अंगठ्याखाली बघितलं: दातांची पूर्ण रांग उमटली होती, रक्त आलं होतं, आणि वरच्या रांगेत मधे एका दाताची जागा मोकळी होती. तिचा पुढचा दात पडला होता. कधी पडला, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने पद्माकडे बघितलं. तिलाही ठाऊक नसावं, ती नुसती पोरीच्या तोंडाकडे बघत राहिली होती.

"बघा," तो हात सोनाजीपुढे करून म्हणाला. त्याचा आवाज गल्लीच्या शेवटच्या घरापर्यंत गेला. "बघा, कशी चावली! सोडूनच न्हाई राहिली. लमाणाची पोरगी हाय, राव." सोनाजीने मान हलवली, दुसरं काय करणार. रुपाने आता बापाच्या पाठीत बुक्के मारायला सुरुवात केली होती आणि तोंडाने लाईट, लाईट चालूच होतं. पद्मा तिला उचलायला पुढे झाली, तसं भावसिंगाने हात आडवा घातला. "राहू दे," तो म्हणाला. "चालत येऊ दे तिला." मग तो पुढे निघाला आणि रुपा रडत, ओरडत, फुटक्या गुडघ्याने त्याच्या मागे, दर दोन पावलांना एक बुक्का. घर वीस पावलांवर होतं. भावसिंग गल्लीला पूर्ण वळसा घालून गेला.